पाचव्याआधी सहावे

सोलापुरातल्या एका जुन्या टॉकीजच्या केबिनमध्ये मी सव्वीस वर्षे ऑपरेटर म्हणून काम केले. एवढ्या काळात माझ्या हातून पडदा अंधारा राहण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच आले आणि त्यांतल्या प्रत्येकाची तारीख मला अजून सांगता येते. ज्या चुकीबद्दल मी लिहायला बसलो आहे, तिच्यात मात्र पडदा क्षणभरही अंधारा झाला नव्हता, प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या होत्या, मॅनेजरने शेवटपर्यंत काही विचारले नव्हते आणि दिवसाचा डी. सी. आर., म्हणजे रोजच्या गल्ल्याचा हिशेब, नेहमीसारखाच भरला गेला होता. तरीही नोकरीतल्या सगळ्या दिवसांमधून तो एक आठवडा माझ्या मनातून जात नाही.

गोष्ट १९९४ च्या मे महिन्यातली आहे. आमच्याकडे तीन, सहा आणि नऊच्या खेळांना नवा चित्रपट असे आणि दुपारी बाराच्या मॅटिनीला एखादा जुना चित्रपट आठवडाभर चाले. जुन्यांपैकी पौराणिक चित्रपट श्रावणात लागत, तमाशापट सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला लागत, आणि ज्यांना आम्ही केबिनमध्ये सरसकट ‘घोड्याचे पिक्चर’ म्हणत असू, ते बाराही महिने चालत. इनामदाराची गढी, चावडीवर झालेली बेअब्रू, डोंगरात पळालेला मुलगा, त्याने जमवलेले साथीदार, रात्रीचा छापा आणि अखेरीस गोऱ्या साहेबाची पलटण, एवढे सामान असले की तो घोड्याचा पिक्चर. मे महिन्यात सोलापूरचा पारा कित्येकदा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत चढतो. त्यामुळे निम्मे लोक पंख्याखाली तीन तास काढण्यासाठी येत, हेही खरे. पण उरलेले निम्मे सूड पाहायला येत.

ऑपरेटर चित्रपट पाहतो तो भिंतीतल्या वीतभर चौकोनी काचेतून, आणि तोही पुन्हापुन्हा. त्यामुळे त्याला गोष्टीपेक्षा तिची शिलाई जास्त दिसते. छाप्याची रात्र बहुधा भर दुपारी चित्रित केलेली असते. कॅमेऱ्याला फिल्टर लावून आणि भिंगाचे छिद्र आवळून दिवसाची रात्र करतात, पण घोड्याच्या पायांखाली पडलेली आखूड, काळीभोर सावली काही लपत नाही. ठासणीच्या बंदुकीचा एक बार उडाला की दारू ओतून, गोळी घालून, गजाने ठासून मगच दुसरा बार काढता येतो. आमचे नायक मात्र घोडा न थांबवता चार-चार बार काढीत आणि पब्लिकला त्याचे काही वाटत नसे. रात्रीची ही दृश्ये पडद्यावर काळीठिक्कर पडतात, म्हणून अशा वेळी मी मशिनमधल्या आर्क दिव्याचा प्रवाह पाच-सात अँपिअरने वाढवून घेत असे. त्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या लवकर जळतात म्हणून मॅनेजर त्यावर कुरकुर करीत. माझे म्हणणे असे होते की, ज्याने तिकीट काढले आहे त्याला निदान घोडा दिसला पाहिजे.

या चित्रपटांचा इतिहासाशी संबंध कितपत असतो, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. शाळेत शिकलेले एवढेच ठाऊक होते की, उमाजी नाइकांना इंग्रजांनी ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले, आणि रामोश्यांना हाताशी धरून उठलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांना जुलै १८७९ मध्ये पकडले, ते आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या विजापूरकडच्या देवर नावदगी गावी. सरकारी दप्तरात जो दरोडा असतो, तोच लोकांच्या तोंडी बंड होतो, आणि ही तफावत भरून काढण्याचे काम चित्रपटवाले करतात. त्यासाठी त्यांच्याकडे एकच खात्रीचा उपाय असतो, तो म्हणजे क्रम. आधी अन्याय दाखवायचा, तो सावकाश आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाखवायचा. मग त्यानंतर नायकाने कितीही माणसे कापली तरी प्रेक्षक त्याच्या बाजूने राहतो. शेवटचा शब्द कायद्याचा असावा, हा आग्रह सेन्सॉरचा. १९७५ च्या ‘शोले’मध्ये ठाकूरच्या हातून गब्बरचा जीव जाणार होता, तो शेवट बदलून ऐनवेळी पोलिसांना आणावे लागले, हे आता सर्वांना माहीत आहे. थोडक्यात, या जातीच्या चित्रपटात पहिला भाग अन्यायाचा, मधला सूडाचा आणि शेवटचा कायद्याचा असतो. ही वाटणी मी त्या आठवड्यात मोडली, आणि ती निव्वळ दोन डब्यांच्या झाकणांमुळे.

हे कसे घडले ते कळण्यासाठी रिळांविषयी थोडे सांगावे लागेल, कारण आता हार्ड डिस्कवरून चित्रपट चालवणाऱ्या मुलांनाही ते ठाऊक नसते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट या वेगाने धावते. हजार फुटांचे एक रीळ म्हणजे अकरा मिनिटे. दोन रिळे जोडून केलेले डबल साधारण वीस-बावीस मिनिटे चालते आणि चौदा रिळांचा चित्रपट सात डबलांत बसतो. केबिनमध्ये दोन मशिने असत. डावीकडे पहिले डबल चालू असताना उजवीकडे दुसरे ओवून ठेवायचे. पहिले संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. तो दिसताच दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची, आणि सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की एकाचा उजेड झाकून दुसऱ्याचा उघडायचा. हा चेंजओव्हर ज्याला कळू न देता करता येतो, तो ऑपरेटर. खुर्चीतल्या माणसाला आपण एका मशिनवरून दुसऱ्या मशिनवर गेलो, हे कधीही समजता कामा नये.

प्रिंट गावोगाव फिरून येई आणि प्रत्येक गावचा ऑपरेटर तिच्यावर स्वतःच्या खुणा सोडी. आधीच्या गावी कोणीतरी ठिपका नीट दिसत नाही म्हणून सुईने फुल्या कोरून ठेवलेल्या असत. कोठे फिल्म तुटलेली असे आणि फिल्म चिकटवायचे सिमेंट लावून जोडताना दहा-वीस फ्रेम गेलेल्या असत. यासाठी पेटी आली की प्रत्येक डबल रिवाइंडिंगच्या टेबलावर हातांनी फिरवून तपासण्याचा माझा नियम होता. फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायच्या आणि ती बोटांतून सरकू द्यायची. फाटलेले छिद्र असेल तर ते बोटाला टोचते आणि उचकटलेला जॉइंट असेल तर तो अडखळतो. माझे वडील मागावर बसत, आणि कापडावरून हात फिरवून तुटलेली तार कोठे आहे हे ते न बघता सांगत. माझी बोटे त्यांच्यावर गेली आहेत, असे आई तेलुगूत म्हणत असे. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या शुक्रवारी पेटी एस.टी.च्या पार्सलने यायची होती आणि ती अकरा वाजून गेल्यावर आली. बाराच्या खेळाआधी मी चारच डबल तपासू शकलो. उरलेली तीन मध्यंतरापर्यंत उलगडून घेऊ, असा विचार केला आणि ते काम मदतनीस मुलाकडे दिले. पाचव्या आणि सहाव्या डबलाच्या सुरुवातीची पट्टी, जिच्यावर रिळाचा आकडा लिहिलेला असतो, ती आधीच्या कोणीतरी तोडून टाकली होती. अशा वेळी डब्याच्या झाकणावरचा आकडा हाच आधार उरतो. झाकणे सगळी एकाच मापाची असतात आणि कोणत्याही डब्याला बसतात, हे मला ठाऊक असायला हवे होते. खरे तर ते ठाऊक होतेच, पण घाईत मी झाकणावर विश्वास ठेवला. मदतनिसाला मी तेव्हा दोष दिला, तो चुकीचा होता. जो ऑपरेटर पट्ट्या तोडून प्रिंट पुढच्या गावाला पाठवतो, त्याच्याबद्दल मात्र माझे मत आजही बदललेले नाही.

मध्यंतरानंतर डावे मशीन सुरू झाले आणि मी कार्बन सावरीत उभा राहिलो. काळ्या काचेतून कार्बनची टोके पाहावी लागतात. त्यांतले अंतर वाढले तर ज्योत भरकटते, कमी झाले तर टोक फुटते, त्यामुळे पहिली काही मिनिटे पडद्याकडे लक्ष नसते. आवाजावरून घोडे, मशाली आणि छापा चालला आहे एवढे कळत होते. खाली शिट्ट्या सुरू होत्या. नायकाने इनामदाराला गढीतून ओढत आणून चावडीच्या खांबाला बांधले, गावच्या न्हाव्याला बोलावून त्याची अर्धी मिशी उतरवली आणि मग त्याचा जीव घेतला. बाल्कनीतून कोणीतरी चिल्लर फेकली. ठिपका दिसला, मी उजव्या मशिनवर गेलो, चेंजओव्हर असा झाला की लोणी कापावे. आणि दोन मिनिटांनी त्या चौकोनी काचेतून पाहिले, तर तोच इनामदार दोन्ही मिशा शाबूत ठेवून त्याच चावडीवर लोडाला टेकून बसला होता.

खालून एक आवाज आला, “अरे, मेलेला उठला की बे!” आणि हॉल हसला. माझ्या हातापायांतले बळ गेले. पाचव्याआधी सहावे लागले होते. आता इनामदार नायकाच्या म्हाताऱ्या बापावर चोरीचा आळ घेणार होता, त्याला त्याच खांबाला बांधणार होता, त्याच न्हाव्याकडून त्याची मिशी उतरवणार होता, आणि म्हातारा पहाटेपर्यंत तेथेच प्राण सोडणार होता. ज्याचा सूड, ते सूडानंतर येत होते. मशीन थांबवून उपयोग नव्हता. जे दाखवून झाले होते ते परत गुंडाळता येत नाही. मी मॅनेजरकडे मुलाला पाठवले. मॅनेजर बुकिंगमध्ये पैसे मोजत होते. त्यांनी निरोप दिला की, पब्लिक बसलेले असेल तर चालू दे.

पब्लिक बसलेले होते. हसू लगेच विरले आणि दोनच मिनिटांत खाली शांतता पसरली. आपल्याकडच्या प्रेक्षकाला मागे जाण्याची इतकी सवय आहे की त्याने मनातल्या मनात हे सगळे पूर्वी घडलेले म्हणून लावून घेतले. मला राग आला तो याचाच. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक साडेतीनशे माणसांनी दिग्दर्शकाची हुशारी समजून गिळली होती. एरवी जॉइंटवर पडदा अर्धा सेकंद उडाला तर आई-बहीण काढणारे हे लोक. त्यांना अख्खी गोष्ट उलटी झालेली कळली नाही. पण राग ओसरल्यावर मी स्वतःही काचेला नाक लावून पाहू लागलो, आणि जे दिसले ते विचित्र होते. बापाला बांधण्याचे ते दृश्य मी आजवर निरनिराळ्या चित्रपटांत शंभरदा तरी पाहिले असेल, आणि प्रत्येक वेळी मनात येत असे की, थांब लेका, तुझी पाळी येणार आहे. आज पाळी येऊन गेली होती. आता येण्यासारखे काही उरले नव्हते. म्हातारा खांबाला बांधलेला होता आणि त्याच्यासाठी कोणी घोडा घेऊन येणार नव्हते. हॉलमध्ये शिटी नव्हती, खोकला नव्हता. त्यानंतर सातवे डबल लागले, पलटण आली, नायक पकडला गेला, दिवे लागले आणि लोक उन्हात बाहेर पडले.

तीनच्या खेळाची तयारी चालू असताना डोअरकीपर एका म्हाताऱ्या माणसाला दंडाला धरून जिन्यावरून वर घेऊन आला. “हा मघापासून केबिन कुठं, केबिन कुठं विचारतोय,” असे त्याने सांगितले. म्हाताऱ्याचे वय सत्तरीच्या आसपास असावे. पांढरा पायजमा, वर मिलमधले लोक घालीत तसला खाकी सदरा आणि डोक्याला टॉवेल. त्याची कापडी पिशवी डोअरकीपरच्या हातात होती आणि ती उघडलेली होती. आत एक स्टीलचा डबा आणि चष्म्याचे घर दिसत होते. डोअरकीपरने पिशवी परत दिली, म्हाताऱ्याने तिचे बंद शांतपणे बांधले आणि मग माझ्याकडे पाहिले.

“रीळ उलटं लागलं बघा तुमचं,” तो म्हणाला.

मी आधी नाकबूल करायच्या बेतात होतो. ऑपरेटरची ती पहिली प्रतिक्रियाच असते. पण साडेतीनशेंपैकी निदान एकाला कळले, याचे मला इतके बरे वाटले की मी त्याला स्टूल दिले. मी म्हणालो, “मामा, चूक झाली खरी. आज रात्री सरळ करून ठेवतो. पैसे परत पाहिजेत तर मॅनेजरसाहेबांना सांगतो.”

“पैसे नगंत,” तो म्हणाला. “मी ह्यो पिक्चर पूर्वी तीनदा बघितलाय. आज पहिल्यांदा पटला.”

मला काही समजले नाही. तो मशिनच्या धुराड्याकडे बघत, अगदी सावकाश बोलला. तो सेटलमेंटमध्ये राहत होता. जन्म तारेच्या आतला. त्याच्या बापाला मिलमध्ये कामाला लावले होते आणि मिलमधून सुटल्यावर हजेरी द्यावी लागे. “मला कळाय लागलं तवा माझं बी नाव पटावर चढलं, अंगठा घेतला. मी तोवर काय केलं हुतं? शेजारच्या आंब्याला दगड बी मारला नव्हता. शिक्षा आधी लागली, गुन्हा मागनं आला. आला म्हंजे, आणायला लागला. उपाशी किती दिवस ऱ्हाणार? तुमच्या पिक्चरमदी नेहमी पैल्यांदा बापाला मारत्यात, मग पोरगं डोंगरात जातंय, मग लोक म्हणत्यात बरं केलं. आमच्याकडं असं न्हाई. आमच्याकडं पोरगं आधीच डोंगरात हुतं. कशापायी, ते कुणी दाखवलंच न्हाई. आज दाखवलं, पर मागनं.”

त्याची जात त्याने सांगितली नाही आणि मी विचारली नाही.

सोलापूरच्या बाहेरच्यांना सेटलमेंट म्हणजे काय हे ठाऊक नसेल. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ व १९२४ साली तो अधिक व्यापक केला. त्याअन्वये माणसाने काय केले हे न पाहता तो कोणत्या जमातीत जन्मला हे पाहून त्याची नोंद होई. त्याच्या बोटांचे ठसे घेतले जात, त्याने हजेरी द्यायची असे आणि गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा असे. आमच्या शहराच्या कडेला तारेच्या कुंपणात अशा लोकांची मोठी वसाहत केली गेली आणि गिरण्यांना तिथून मजूर मिळत गेले. ज्यांची वागणूक सरकारला बरी वाटली त्यांना तारेबाहेर राहू दिले गेले, ती फ्री कॉलनी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला, माणसे विमुक्त झाली, आणि वस्तीचे नाव मात्र सेटलमेंट हेच राहिले. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता मी शेकडो वेळा ऐकला होता, पोस्टाच्या पाकिटांवर वाचला होता. त्यातल्या ‘फ्री’ या शब्दाला काही अर्थ असेल, असे त्या दिवसापर्यंत माझ्या मनात आले नव्हते. ज्या शहरात १९३० साली मार्शल लॉ लागला आणि ज्याच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले, त्या शहराचे आम्ही लोक. सरकारने गुन्हेगार ठरवलेला माणूस हुतात्मा असू शकतो हे आम्ही शाळेत पाठ केले आहे, आणि तरी टॉकीजच्या आवारातून एखादी सायकल चोरीला गेली की आमच्या तोंडून पहिले नाव त्या वस्तीचे निघते.

म्हातारा उठला आणि जाताना जिन्यावर थांबला. “उद्या सरळ लावणार?” त्याने विचारले.

मी म्हणालो, “लावायलाच पाहिजे.”

“ऱ्हाऊ द्या असंच आठवडाभर,” तो म्हणाला. “आमच्यातले चौघं-पाच जण अजून हाएत त्या वक्ताचे. त्यांना घेऊन येतो.”

मी हसून मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ त्याने काय घेतला, हे मला रविवारी कळले.

रात्री नऊचा खेळ सुटल्यावर मी थांबलो. पाचवे आणि सहावे डबल पूर्ण उलगडून तपासले, दोन्हींच्या सुरुवातीला पांढरी पट्टी जोडली, तिच्यावर आकडा घातला आणि झाकणे अदलाबदल केली. रात्रीचे दोन वाजले. सहाव्यातला चावडीचा भाग बोटांतून जात होता तेव्हा मी दिव्यासमोर धरून पाहिला. खांब, दोर, न्हाव्याची धोपटी, उतरवलेली मिशी. दिग्दर्शकाने प्रत्येक वस्तू पाचव्यातल्या दृश्याशी जुळवली होती, कॅमेरासुद्धा त्याच जागी ठेवला होता. फिल्मचे दोन तुकडे शेजारी धरले तर बांधलेला माणूस तेवढा वेगळा. टेबलावर तरी कोणता तुकडा आधी आणि कोणता नंतर हे ठरवायला पट्टीवरच्या आकड्याखेरीज काही नव्हते.

शनिवारचा खेळ सरळ क्रमाने झाला. शिट्ट्या जागच्या जागी वाजल्या, चिल्लर सूडालाच पडली. माझ्या जिवाला बरे वाटले.

रविवारी मध्यंतरात मी काचेतून सहज खाली पाहिले तर पुढून चौथ्या रांगेत ते बसले होते. पाच म्हातारे आणि एक म्हातारी. तो मधोमध बसला होता आणि हातवारे करून बाकीच्यांना काहीतरी समजावीत होता. एकाच्या डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा हिरवा चष्मा होता. म्हातारीने डबा उघडून सगळ्यांच्या हातावर काहीतरी ठेवले. डोअरकीपर त्यांच्या रांगेच्या टोकाशी उगाच उभा होता. इतर कोणत्याही रांगेपाशी तो उभा नव्हता.

डाव्या मशिनवर पाचवे ओवलेले होते आणि उजव्यावर सहावे. दोन्ही तयार होती. मला काहीही उलगडायचे नव्हते, काही बदलायचे नव्हते. फक्त डाव्याऐवजी उजवा आर्क आधी पेटवायचा होता. मध्यंतराची सात मिनिटे उरली होती आणि त्या सात मिनिटांत मी जेवढा विचार केला तेवढा लग्न ठरवतानाही केला नव्हता. वितरकाचा माणूस त्या दिवशी कलेक्शन पाहायला आलेला होता, तो बुकिंगमध्ये बसला होता, हे एक कारण. प्रेक्षकाने ज्या चित्रपटाचे तिकीट काढले तो त्याला त्याच क्रमाने दाखवणे हे माझे काम आहे, हे दुसरे. पण ही दोन्ही कारणे मी नंतर शोधली, असे मला आज वाटते. त्या वेळी खरे कारण एवढेच होते की, चूक एकदा हातून होणे वेगळे आणि ती जाणूनबुजून करणे वेगळे, आणि ज्या बोटांचा मला अभिमान होता ती उजव्या मशिनकडे वळेनात. मदतनीस मुलगा माझ्याकडे पाहत होता. तिसरी घंटा झाली. मी डावा कार्बन टेकवला.

इनामदाराने म्हाताऱ्या बापावर आळ घेतला आणि चौथ्या रांगेतली हालचाल थांबली. माझ्या माणसाने एकदा मान वळवून वर, केबिनच्या काचेकडे पाहिले. खालून वर पाहणाऱ्याला झोताच्या उजेडापलीकडे काही दिसत नाही, हे मला ठाऊक होते, तरी मी काचेपासून बाजूला झालो. पुढे छापा आला तेव्हा हॉलभर शिट्ट्या वाजल्या. त्या रांगेतही एकाने टाळी वाजवली, तो हिरवा चष्मावाला.

खेळ सुटल्यावर मी मुद्दाम खाली गेलो. ते सगळे पानाच्या टपरीच्या सावलीत उभे होते. मी जवळ जाताच त्याने इतरांना सांगितले, “हे ऑपरेटरसाहेब.” सर्वांनी नमस्कार केला. हिरवा चष्मावाला म्हणाला की पिक्चर चांगला होता, घोडे झकास होते. म्हातारीने डब्यातला शेवटचा शेंगदाण्याचा लाडू माझ्या हातावर ठेवला. मी काहीतरी बोलू लागलो, पण त्यानेच हात वर करून थांबवले.

“आज बराबर लागला,” तो म्हणाला. त्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपे गेले असते. मग ते सगळे उन्हातून पायीच निघाले, हिरव्या चष्म्याला मध्ये घेऊन.

पुढच्या सोमवार ते गुरुवार मी रोज मध्यंतरात चौथी रांग पाहिली. त्यांच्यापैकी कोणी आले नाही. डोअरकीपरला मी एकदा विचारले की त्या दिवशी त्याने पिशवी का उघडली, तर तो म्हणाला, “कुठला आहे ते बोलण्यावरून कळतंय की.” मी त्यावर काही बोललो नाही. एकाच टॉकीजमध्ये आम्हाला आणखी बरीच वर्षे काढायची होती.

गुरुवारी रात्री पेटी भरली. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने पुढच्या गावाला जायची होती. मी गच्चीवरून लाल ऑइल पेंटचा उरलेला डबा आणला आणि सातही डबलांच्या डब्यांवर आकडे काढले. या वेळी झाकणांवर काढले नाहीत, अंगावर काढले. पाच आणि सहा सर्वांत शेवटी काढले, आणि रंग वाळेपर्यंत दोन्ही डबे समोर ठेवून बसलो.